सॅम्पल अस्सल, माल भंगार: वेडरच्या नावाखाली गेलेले ६१,५९६ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. मालाचे ५२,२०० आणि ‘आयजीएसटीचा फरक’ (दुसऱ्या राज्यातून आलेल्या मालावरचा जीएसटी) म्हणून ९,३९६, मिळून ६१,५९६ रुपये. बदल्यात आले सहा जोड छातीपर्यंतचे वेडर (चिखल-पाण्यात उतरताना घालायची, पाणी आत न येऊ देणारी विजार), नायलॉनला मागून पीव्हीसी चिकटवलेले, दोन-अडीच हजारांच्या वरचे नाहीत. ठरले होते ब्रीदेबल, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारे, चार थरांच्या कापडाचे, एकेक ८,७०० ला.

फसवण्याचा साचा जुनाच: इन्स्टाग्रामवर जाहिरात, व्हॉट्सॲपवर कॅटलॉग, अर्धे आगाऊ, उरलेले बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, दाखवल्यावर. तो सगळ्यांना पाठ आहे. पण ‘शिकलेली माणसं असून फसलात कसे’ असं विचारणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. आम्ही पक्षी मोजणाऱ्यांनी आधी एक सॅम्पल ९,२०० ला घेतलं होतं आणि ते अस्सल होतं. उलटं करून शिवणी पाहिल्या, अंधारात बॅटरी आत घालून पाहिली, ड्रमभर पाण्यात उभं राहून पाहिलं. एक थेंब आत आला नाही. याहून जास्त काय तपासायचं असतं?

हा माल सरळ दुकानात का मिळत नाही, तेही सांगायला हवं, कारण ठगांचं फावतं ते तिथेच. जगभर छातीपर्यंतचे चांगले वेडर बनतात ते मासे पकडणाऱ्यांसाठी आणि बदकांच्या शिकाऱ्यांसाठी. तासन् तास चिखलात उभं राहायचं, गुडघे टेकायचे, काट्याकुट्यातून जायचं, ही गरज शिकाऱ्यांची. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बदकांची शिकार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना करणारे, खाडीतून प्लास्टिक उपसणारे, थापट्या नाहीतर तलवार बदकाचा फोटो पाण्याच्या पातळीवरून घेऊ पाहणारे, यांना लागतं तेच कापड आणि तेच बूट. गिऱ्हाईक थोडं, म्हणून दुकानदार ठेवत नाही. मग ‘अमेरिकेतला मागच्या सीझनचा शिल्लक स्टॉक’ अशी थाप खपते. तिकडे बरा ब्रीदेबल वेडर अडीचशे-तीनशे डॉलरच्या पुढे जातो. ८,७०० हा भाव शिल्लक मालाला पटण्यासारखा होता. दोन हजार सांगितले असते तर कुणीही हसून फोन ठेवला असता. भाव ठरवणाऱ्याला धंदा कळत होता.

मुंबईत वेडर निवडताना पहिली गोष्ट: निओप्रीन, म्हणजे फोमसारखं जाड रबर, नको. ३ मिमी असो की ५ मिमी, ते गोठणबिंदूजवळच्या पाण्यात उभं राहणाऱ्यांसाठी आहे. आपल्या खाडीचं पाणी जानेवारीतही थंडगार नसतं. निओप्रीन घालून ऐरोलीच्या चिखलात अर्धा तास चाललात तर आतून घामाने इतके भिजाल की गळका वेडर आणि कोरडा वेडर यात फरक कळणार नाही. बुटांचंही तेच. शिकारीच्या बुटात ६०० ते १,६०० ग्रॅमचं इन्सुलेशन म्हणून मिरवतात. इथे ते पैसे देऊन विकत घेतलेला घाम आहे. आणि जाहिरातीत ‘ब्रीदेबल निओप्रीन’ असे दोन शब्द शेजारी दिसले तर तिथेच ब्लॉक करा. निओप्रीन वाफ बाहेर सोडत नाही.

ब्रीदेबल म्हणजे बाहेरून पाणी अडवणारा आणि आतली वाफ बाहेर सोडणारा पडदा, त्याला दोन्ही बाजूंनी कापडाचे थर. तोही जादू करत नाही. पाण्याखाली असलेल्या भागातून वाफ कमी जाते आणि बाहेरची हवा दमट असेल तर आणखी कमी. तरी पीव्हीसीपेक्षा फरक कितीतरी.

आता चिखल. शिवडी असो, भांडुपची खाजणं असोत की ऐरोली, पाय पोटरीपर्यंत रुततो, कधी मांडीपर्यंत. बूट वेडरलाच जोडलेला असेल तर घालायला सोपा, पण टाच ढिली असली की बूट चिखलात राहतो आणि पाय वर येतो. मग सगळा ताण घोट्याजवळच्या जोडावर. तो जोडच पहिला उसवतो. म्हणून घोट्याला आवळपट्टी असलेला घ्यावा, किंवा मोजासारखा पाय असलेला वेडर आणि वरून लेसचा बूट. तळाला फेल्ट (दाबलेला नमदा) नको, ते शेवाळलेल्या दगडांसाठी आहे, आपल्या रेंद्यात त्याचा लगदा होतो. तिवरांची श्वसनमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात आणि दगडांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. म्हणून गुडघ्याला आणि नडगीला दुहेरी कापड हवंच.

मापाबद्दल: अमेरिकन बुटाचा नंबर आपल्यापेक्षा साधारण एकाने मोठा. इथला ८ म्हणजे तिथला ९. वेडर घालून उकिडवं बसता आलं पाहिजे आणि बेस्टच्या जुन्या बसच्या पायरीएवढा गुडघा वर उचलता आला पाहिजे. नाही जमलं तर मांड्यांमधली शिवण महिनाभरात जाते.

आणि कमरेचा पट्टा. तो नसेल तर चिखलात पडल्यावर पाणी पायांपर्यंत भरतं आणि उठणं अवघड होऊन बसतं. आमच्या सहा जोडांत पट्टे चार होते.

आता त्या बिल्टीकडे येतो. आगाऊ २६,१०० गेले होते, ९,३९६ गेले होते. बिल्टीचा फोटो आला. नग एक, वजन ११.४०० किलो. सॅम्पलचा जोड वाण्याच्या काट्यावर ३ किलो ९०० ग्रॅम भरला होता. सहा जोडांचे २३ किलो ४०० ग्रॅम व्हायला हवेत, खोक्याचं वजन वेगळंच. निम्म्याहून कमी! विचारलं. क्षणाचाही वेळ न घेता उत्तर आलं, ‘सर, ते व्हॉल्युमेट्रिक वजन आहे, ट्रान्सपोर्टवाले तेच लिहितात.’

आणि आम्ही ते ऐकून घेतलं. याचा राग आजही जात नाही. व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणजे काय? खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारण ५,००० ने भागायचं. हे आणि प्रत्यक्ष वजन, यातलं जे जास्त असेल त्यावर भाडं लागतं. जास्त! म्हणजे माल खरोखर २३ किलो असता तर बिल्टीवर ११ यायचं काही कारणच नव्हतं. कुठला ट्रान्सपोर्टवाला स्वतःचं भाडं बुडवेल? ही गोष्ट पार्सल पाठवणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. आम्हालाही होती. पण पलीकडून ‘गाडी सुटतेय सर, पेमेंट नाही आलं तर माल उतरवून घेतील’ चालू होतं, शिवाय सॅम्पल चांगलं निघालेलं. दहा मिनिटांत उरलेले २६,१०० गेले. बिल्टीवर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचा फोन नंबर छापलेला होता. त्याच वेळी तिथे फोन लावून ‘काट्यावर किती भरलं’ एवढं विचारायचं होतं.

बिलात आणखी एक खूण होती. विक्रेता गोदाम भिवंडीचं म्हणत होता आणि जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, २४ गुजरातचा. ‘हेड ऑफिस सुरतला आहे’ म्हणाला, आणि असतंही लोकांचं. पण जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नाव, पत्ता, चालू की रद्द, सगळं फुकट दिसतं. आमचा रद्द निघाला, अर्थात नंतर. पैसेही फर्मच्या नावावर नाही, एका माणसाच्या बचत खात्यात गेले. यूपीआयवर पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते बिलावरच्या नावाशी जुळलं नाही तर थांबायचं, मग ते खातं पलीकडचा अकाउंटंटचं सांगो की मेव्हण्याचं.

खोका उघडल्यावर वासच सांगत होता: नवीन प्लास्टिकच्या पडद्याचा उग्र वास. बाहेरून तेच गवताच्या काड्यांचं छापील चित्र, तोच बिल्ला. आतून चकचकीत. सॅम्पलमध्ये प्रत्येक शिवणीवर आतून बोटभर रुंद टेप होती, यात फक्त मांड्यांमध्ये, तीही कडेने सुटलेली. छातीवरचा बिल्ला आरपार शिवलेला, म्हणजे कारखान्यानेच भोकं पाडून दिलेली.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे, कागदपत्रांपेक्षा खरी. स्टीलच्या पेल्यात कढत पाणी घ्या, तोंडावर वेडरचं कापड ताणून धरा, वरून कोरडा थंड काचेचा ग्लास उपडा ठेवा. ब्रीदेबल असेल तर दोन-तीन मिनिटांत ग्लासात वाफ धरते. आमच्या सहाही जोडांवर ग्लास कोरडा ठणठणीत. गळती शोधायची तर अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी फिरवायची. ब्रीदेबल कापडावर आतून सर्जिकल स्पिरिट फवारलं की बारीक भोकाच्या जागी गडद ठिपका उमटतो.

आता आपल्या यंत्रणेबद्दल. बँकेत गेलो. ‘व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय.’ हो, केलाय, फसवणुकीत पिन गिऱ्हाईकच टाकतं, नाहीतर ती चोरी झाली असती. तक्रार क्रमांक मिळाला आणि काहीही न करता ‘तक्रार निकाली’ असा मेसेजही आला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘माल मिळाला ना? मग ही दिवाणी बाब आहे.’ मग सायबरला जा. सायबरवाले म्हणतात, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्तात. दुसरे साहेब भेटले, त्यांनी बिल हातात घेतलं, त्यावर इंग्रजीत बदकांच्या शिकारीचे वेडर असं छापलेलं. झालं! आता चौकशी आमचीच. शिकार करता का? कुठे करता? बंदूक आहे का? लायसन्स? बदकं मोजतो, मारत नाही, हे समजावण्यात अख्खी दुपार गेली आणि ज्याने ६१ हजार नेले त्याचा फोन नंबरसुद्धा कुणी लिहून घेतला नाही. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारला, ‘कळवतो’ म्हणाले. सॅम्पल अस्सल दाखवून ठरवून दुसराच माल पाठवणं हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. पण ते कलम ठाण्यातल्या टेबलावर आपण वाचून दाखवायचं, आणि वर ‘तुम्ही वकील आहात का’ हेही ऐकायचं.

म्हणून ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्याआधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, तोही पैसे गेल्या-गेल्या. पैसे पुढच्या खात्यात सरकले की गोठवायला काही उरत नाही. फोन करताना यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेत्याच्या गावी जायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. पण त्यासाठी विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो. आमच्याकडे आहे तो भिवंडीतला गाळा, आणि तिथे टाइल्सवाला बसतो. ऑर्डरच्या आधी गुगल मॅपवर पाहिला असता तर टाइल्सच दिसल्या असत्या.

खोका फोडताना व्हिडिओ काढा, सलग, आणि त्यात बिल्टी आणि वजनकाटा दोन्ही दिसू द्या. सॅम्पल पास झालं की त्याच्या शिवणीजवळ सही करून फोटो काढा आणि वजनासकट व्हॉट्सॲपवर विक्रेत्याकडून ‘माल असाच येईल’ हे लिहून घ्या. सहा जोडांची ऑर्डर एकदम देऊ नका, दोन-दोनची द्या, भाव वाढवून सांगितला तरी.

पीव्हीसीचेच घ्यायचे असतील तर उघडपणे पीव्हीसी म्हणून, पीव्हीसीच्या भावात घ्या. तासाभराच्या सफाईला ते चालतात. घडी घालून ठेवू नका, घडीवर तडकतात. खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत उलटे टांगा. पावसाळ्यात कपाटात कोंबले तर बुरशी आतूनच धरते.

तो माणूस अजून धंदा करतोय. नंबर नवा, डीपीवर तोच बंदूकवाला आणि शेजारी मेलेली बदकं, सॅम्पलचा भाव आता ८,९००. ऐरोली आणि उरणकडच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपमध्ये हा कॅटलॉग फिरतोय. कुणाला आला असेल तर त्याला सॅम्पल मागू नका, सॅम्पल तो चांगलंच देईल. ‘सहा जोडांचं काट्यावरचं वजन किती’ एवढंच विचारा.