जुनी जर्मन गाडी आणि ‘कंपनीची वॉरंटी’ : इंदूरमध्ये झालेली फसवणूक

मर्सिडीज-बेन्झ, बीएमडब्ल्यू, ऑडी यांच्या गाड्या चार-पाच वर्षे वापरून झाल्या की जवळपास निम्म्या किमतीत मिळू लागतात, आणि त्यामुळे इंदूरमध्ये त्या घेणाऱ्यांत आता माझ्यासारखे लहान व्यावसायिकही बरेच आहेत. मात्र गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. नवी असताना साठ लाखांची असलेली गाडी तुम्ही पंचवीस लाखांना घेतलीत, तरी तिचा गिअरबॉक्स साठ लाखांच्या गाडीच्याच दराने येतो. म्हणून अशा खरेदीत वॉरंटीचा कागद हा सौद्याचा अर्धा भाग असतो, आणि माझी फसवणूक नेमकी त्या कागदावर झाली. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्याने विक्रेत्याचे नाव येथे देत नाही; परंतु त्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण तसाच कागद आजही इतरांच्या हाती दिला जात आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी एका दुकानातून चार वर्षे जुनी जर्मन सेडान सत्तावीस लाख रुपयांना घेतली. गाडी जीजे-०६ म्हणजे वडोदऱ्याच्या नोंदणीची होती. वडोदरा परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र तयार होते, कर्जाचा बोजा नव्हता, आणि चेसिस क्रमांक (गाडीचा ओळख क्रमांक) आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, अक्षरन् अक्षर जुळत होता. ओळखीच्या मेकॅनिककडून मी गाडी तपासून घेतली. इंजिनाचा आवाज, टायर, ब्रेक, एसी, सगळे व्यवस्थित होते. त्याच्या स्कॅनरवर एकही दोष दिसला नाही. विक्रीच्या आदल्या दिवशी साठवलेले सारे दोष-संकेत पुसून टाकले, तर स्कॅनर कोराच दिसतो, आणि ते पुसायला पाच मिनिटेही लागत नाहीत, हे मला नंतर अधिकृत कार्यशाळेत समजले.

सौदा ठरताना विक्रेत्याने दोन वर्षांची ‘कंपनीची वॉरंटी’ देऊ केली आणि तिचे पंच्याऐंशी हजार रुपये व त्यावर जीएसटी वेगळा घेतला. जाड कागदाची पुस्तिका, तिच्यावर गाडीच्या निर्मात्याचे बोधचिन्ह, आत माझे नाव, चेसिस क्रमांक आणि प्रमाणपत्र क्रमांक, असे तिचे स्वरूप होते. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग व इलेक्ट्रॉनिक्स यांवर संरक्षण असल्याचे पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापले होते. ही वॉरंटी निर्मात्याचीच का, असे मी स्पष्ट विचारले, तेव्हा ‘साहेब, कंपनीचीच आहे’ असे उत्तर मिळाले. ‘कंपनी’ म्हणजे गाडी बनवणारी कंपनी असेच कोणीही समजेल, आणि ऐकणाऱ्याने तसेच समजावे यासाठीच तो शब्द वापरलेला होता. प्रत्यक्षात पुस्तिका देणारी संस्था दुसऱ्या राज्यातील एक खाजगी फर्म होती; तिचे नाव शेवटच्या पानावर अटींच्या खाली बारीक अक्षरांत होते आणि गाडीच्या निर्मात्याशी तिचा काहीही संबंध नव्हता.

जुलैत पाऊस लागल्यावर गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. आधी सीटबेल्ट व एअरबॅगचा दिवा लागला, मग एबीएसचा (ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), आणि एका संध्याकाळी देवासहून परतताना गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये अडकून गाडी रखडत घरी आणावी लागली. अधिकृत कार्यशाळेच्या तंत्रज्ञाने पुढची आसने काढून गालिचा उचलला. खालच्या फोममध्ये बारीक गाळ बसलेला होता आणि जोडण्यांच्या पिनांवर हिरवा थर चढला होता. या गाड्यांत बरेचसे वायरिंग गालिच्याखालून आणि दारांच्या उंबऱ्यांच्या कडेने जाते, काही नियंत्रण-यंत्रणा आसनांखाली असतात, आणि पुष्कळ मॉडेलांत बॅटरी डिकीत असते. पाणी आत शिरले तर वरून धुऊन, वाळवून, सुगंध मारून गाडी नव्यासारखी करता येते; पण ओलाव्याने धरलेला गंज जोडण्यांमध्ये हळूहळू पसरतो आणि कित्येक महिन्यांनी एकेक यंत्रणा बंद पडू लागते. त्यामुळे खरेदीच्या दिवशी उत्तम चालणारी गाडी पुढच्या पावसाळ्यात उभी राहते. दुरुस्तीचा अंदाज सहा लाखांच्या वर गेला.

माझे मावसभाऊ वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतात. फोनवर हे सांगताच त्यांनी पहिला प्रश्न तारखेचा केला. “अरे, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा इकडे तळघरांतल्या गाड्या पार बुडाल्या होत्या,” ते म्हणाले. “पहिल्या मालकानं गाडी ऑगस्टच्या आधी विकली की नंतर, एवढं आधी बघ.” मी म्हटले, “दादा, आरसीवर मालक क्रमांक दोन आहे, आणि तो दुसरा मालक नोव्हेंबरपासूनचा आहे.” पुढचे सांगण्याची गरज उरली नाही.

हा दुसरा मालक हाच दुवा होता. पुरात बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक येत असेल, तर विमा कंपनी तिला टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, ठरवून मालकाला भरपाई देते आणि मग ती गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. लिलावात आरसीसह घेतलेली गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये उभी केली जाते, एखाद्या मध्यस्थाच्या नावावर चढवली जाते आणि पुराची बातमी जिथे फारशी पोचलेली नसते अशा शहरात विकली जाते. वडोदऱ्याहून गोध्रा-दाहोदमार्गे इंदूर एका दिवसाच्या आत येते, आणि इथे जीजे-०६ पाहून कोणाच्या मनात पूर येत नाही. माझ्या गाडीच्या आरसीवर बुडाल्याची नोंद नव्हती, कारण तशी नोंद करण्याची जागाच तिथे नाही. जुन्या विमा पॉलिसीच्या प्रतीवर मात्र दोन गोष्टी होत्या: पॉलिसी नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्याने सुरू झालेली होती आणि नो क्लेम बोनसच्या (आधी दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीच्या) रकान्यात शून्य होते. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे नुसत्या शून्यावरून काही सिद्ध होत नाही. पण चार वर्षांच्या महागड्या गाडीवर तीन महिन्यांपूर्वी आलेला नवा मालक, नवी पॉलिसी आणि शून्य बोनस हे तिन्ही एकत्र दिसले, तर पहिल्या मालकाशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता वॉरंटीविषयी, कारण माझ्या मते सर्वांत निर्दय भाग तोच आहे. मी दावा दाखल केला तेव्हा त्या फर्मने चार कारणे देऊन तो फेटाळला. दोष ‘आधीपासूनचा’ आहे. पाण्याने झालेले नुकसान अटींतून वगळलेले आहे. फर्मची लेखी परवानगी येण्यापूर्वी गाडी उघडली गेली. आणि दर पाच हजार किलोमीटरला फर्मच्या यादीतील गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग झालेले नाही. यांतील शेवटचे कारण विशेष लक्षात घ्यावे. या गाड्यांचे सर्व्हिसिंग निर्मात्याच्या वेळापत्रकानुसार साधारण वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला असते. निर्मात्याने सांगितलेले वेळापत्रक काटेकोर पाळणारा मालकही पाच हजारांच्या अटीत आपोआप नापास होतो, आणि अट तशीच रचलेली असते. यादीत इंदूरचे एकच गॅरेज होते आणि तिथे त्या गाडीच्या निर्मात्याची संगणकप्रणाली नव्हती.

दावा मंजूर झाला असता तरी फार काही हाती लागले नसते, हे अटी पुन्हा वाचताना उमगले. एका दाव्याची कमाल मर्यादा पन्नास हजार रुपये होती. मजुरी, दोषनिदान आणि ‘प्रोग्रामिंग’ वगळलेले होते. जर्मन गाडीत नवे नियंत्रण-युनिट बसवले की ते निर्मात्याच्या ऑनलाइन प्रणालीशी जोडून त्या विशिष्ट गाडीसाठी कोड करावे लागते. त्यावाचून युनिट गाडीत बसते, पण चालत नाही. प्रोग्रामिंग वगळणारी वॉरंटी म्हणजे कुलूप देऊन किल्ली मागे ठेवण्यासारखे आहे. पहिल्या पानावर ‘इलेक्ट्रॉनिक्सवर संरक्षण’ असे छापणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

निर्मात्याची खरी वॉरंटी कशी असते, हे मला अधिकृत कार्यशाळेतील सेवा सल्लागाराने समजावून सांगितले, आणि प्रत्येक ग्राहकाला ते आधी कळले पाहिजे असे मला तळमळीने वाटते. ती चेसिस क्रमांकाशी जोडलेली असते. हा क्रमांक सतरा अंक-अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी सहज मिसळतात. अधिकृत विक्रेत्याच्या संगणकावर हा क्रमांक घातला की वॉरंटी कधी सुरू झाली, कधी संपते, ती वाढवलेली आहे का, अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग कुठे व किती किलोमीटरवर झाले, हे सर्व दिसते, कारण या कंपन्या आता सर्व्हिसची नोंद छापील पुस्तिकेऐवजी संगणकावर ठेवतात. मर्सिडीज-बेन्झ भारतात नव्या गाडीला तीन वर्षांची वॉरंटी देते. त्यापुढची वाढीव वॉरंटी निर्मात्याकडूनच घ्यावी लागते, आणि मूळ वॉरंटी संपून गेल्यावर ती मिळणे कठीण असते. सर्व्हिस पॅकेज ही त्याहून निराळी गोष्ट आहे. तेल, फिल्टर आणि ठरलेली देखभाल त्यात येते. गिअरबॉक्स बिघडला तर ते पॅकेज एक रुपयाही देत नाही. विक्रेते बोलताना या दोहोंना एकच नाव देतात.

माझ्या गाडीचा क्रमांक त्या प्रणालीत घातला, तेव्हा तिची शेवटची अधिकृत सर्व्हिस वडोदऱ्याची निघाली, त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये पाण्यात बुडाल्याच्या तपासणीची नोंद होती आणि त्याच नोंदीनंतर पहिल्या मालकाची वाढीव वॉरंटी रद्द झालेली होती. ही माहिती फेब्रुवारीतही तिथेच होती. खरेदीपूर्वी गाडी अधिकृत कार्यशाळेत तपासायला नेऊ द्या, असे मी विक्रेत्याला म्हटले होते. गाडीला आणखी दोन गिऱ्हाइके असल्याचे आणि तिथे आठवडाभर वेळ मिळत नसल्याचे सांगून त्याने ते टाळले. जो विक्रेता गाडी अधिकृत कार्यशाळेत नेऊ देत नाही, त्याच्याशी सौदा तिथेच थांबवावा. कंपन्यांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या योजना, जसे बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, मर्सिडीज-बेन्झ सर्टिफाइड, ऑडी अप्रूव्हड प्लस, थोड्या महाग पडतात. पण तिथली वॉरंटी खरोखर निर्मात्याच्या प्रणालीत उतरलेली आहे की नाही, हे तुम्हाला चेसिस क्रमांकावरून ताडून पाहता येते.

वॉरंटीच्या पावतीवर अठरा टक्के जीएसटी लावलेला होता आणि पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांक छापलेला होता. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. पहिल्या दोन अंकांवरून राज्य कळते, मध्य प्रदेशाचे २३ व गुजरातचे २४. पावतीवरील नोंदणी पूर्वीच रद्द झालेली होती. विक्रेत्याचीही अशीच तपासणी शक्य आहे, कारण १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्याला परिवहन कार्यालयाकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते दाखवा म्हणून विचारण्यात काही वावगे नाही.

मी आधी माझ्या मोटार विमा कंपनीकडे गेलो. यांत्रिक व विद्युत बिघाड साध्या मोटार विम्यात येत नाही, आणि पूर तर माझ्या पॉलिसीच्या आधीचा होता, त्यामुळे तिथे काही होण्यासारखे नव्हते. वॉरंटी ही विमा पॉलिसी नसल्याने विमा लोकपालाचे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे, दारही उघडे नाही. उपयोगी पडला तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते, आणि या कायद्याने ती ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. म्हणून वॉरंटी देणारी फर्म परराज्यात असूनही माझी तक्रार इंदूरमध्येच दाखल झाली. वीस ते पन्नास लाखांच्या व्यवहारासाठी शुल्क एक हजार रुपये आहे, ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या देता येते, आणि वकील बंधनकारक नाही. तक्रारीत मी विक्रेता आणि फर्म या दोघांनाही पक्षकार केले आहे, कारण पैसे विक्रेत्याने घेतले आणि नकार फर्मने दिला. एकालाच धरले असते तर दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले असते. फसवणुकीचा अर्ज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडेही दिला आहे.

विक्रेता अजून अधूनमधून फोन करतो. गाडी परत घेऊन दुसरी देतो, तक्रार मागे घ्या, असे सांगतो, आणि हे लेखी द्या म्हटले की पुढच्या महिन्यावर नेतो. आयोगात तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अशाच पुस्तिका असलेल्या ज्या मंडळींना दावा फेटाळल्याचे पत्र आले आहे आणि जी ‘बोलणी चालू आहेत’ म्हणून थांबली आहेत, त्यांनी पत्रावरची तारीख पाहावी, अधिकृत कार्यशाळेचा तपासणी अहवाल व गालिच्याखालची छायाचित्रे आताच सही-शिक्क्यासह घेऊन ठेवावीत, आणि गाडी दुरुस्त करून घेण्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आपली तक्रार नोंदवावी.