ट्यूबच्या पट्टीत डबल चोक : आठ महिने शिवून पाहिलं

काळ्या कापडावर काळा दोरा दिसला की उजेड पुरे, एवढंच माझं मोजमाप. परभणी जिल्ह्यात सेलूला माझं शिवणाचं दुकान आहे. मशीनवर चार फुटी ट्यूबची जुनी पट्टी, ट्यूबचा करंट आवरणारा तांब्याचा चोक आणि ती पेटवणारा स्टार्टर. गेल्या ऑक्टोबरात दिवाळीची गर्दी सुरू झाली आणि संध्याकाळी सातनंतर मला काजं दिसेनात.

डोळ्यांचा दोष थोडा, व्होल्टेजचा जास्त. रब्बीला मोटरी सुरू झाल्या की आमच्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) 170 व्होल्टच्या वर काटा चढत नाही. तांब्याचा चोक म्हणजे लोखंडावरचं वेटोळं. व्होल्टेज उतरलं की ट्यूबमधला करंट उतरतो आणि उजेडही. पेटायच्या वेळी तर स्टार्टर नुसता डोळे मिचकावत बसतो. शिवाय ट्यूब 36 वॉटची असली तरी चोक धरून पन्नासच्या आसपास वॉट जातात, वरचं सगळं चोक तापण्यात.

पहिलं काम केलं ते इलेक्ट्रॉनिक चोक बसवायचं. जुना चोक आणि स्टार्टर दोन्ही काढायचे. नव्या चोकच्या दोन वायरी फेज-न्यूट्रलला, उरलेल्या चार ट्यूबच्या दोन टोकांना, दोन-दोन. कोणती जोडी कुठे ते चोकवरच छापलेलं असतं. बटण बंद करून हात घातला तरी मला झटका बसला, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर होतं. टेस्टर लावल्याशिवाय पट्टीला हात लावू नका. चोक उघडणार असाल तर त्यातला कपॅसिटर 230 व्होल्टच्या लाईनवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो आणि लाईट बंद केल्यावरही काही वेळ तसाच राहतो.

फरक लगेच जाणवला. ट्यूब 170 वरही एका दमात पेटते. तांब्याच्या चोकवर ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. मोटर लावलेल्या मशीनचं चाक त्या उजेडात एखाद्या वेगाला थांबल्यासारखं दिसायचं, कधी उलटं फिरल्यासारखं. चालत्या सुईजवळ बोट असताना हा खेळ बरा नव्हे. इलेक्ट्रॉनिक चोक सेकंदाला वीस हजारांच्या वर चालतो, त्यामुळे ते गेलं. त्या बदल्यात जवळ रेडिओ ठेवला की आकाशवाणी परभणीवर खरखर यायला लागली. रेडिओ आता दाराशी असतो.

इथे थांबायला हवं होतं. पण माझा भाचा वायरमन. तो म्हणाला, "मामा, दोन ट्यूबचा चोक एकाच ट्यूबला लावू, दुप्पट उजेड." मी म्हटलं, "लाव." एका टोकाच्या दोन्ही जोड्या एकत्र, दुसऱ्या टोकाच्याही तशाच. नोव्हेंबरात जोडलं आणि खरंच, दुकान लग्नाच्या मांडवासारखं उजळलं. समोरचा किराणावाला विचारायला आला, "काय हो, ऑपरेशन करायलाव का आत?"

दुप्पट मात्र नव्हता, माझ्या अंदाजाने दीडपट. करंट दुप्पट ढकलला म्हणून उजेड दुप्पट होत नाही. ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेला काचेची एक ठरावीक उष्णता मानवते, साधारण 40 अंश. काच त्याच्या वर तापली की उजेड उलट घटतो. नोव्हेंबरात थंडी होती म्हणून चाललं. मार्चपासून पत्र्याखाली दुपारी ट्यूब निस्तेज व्हायला लागली आणि चोकला हात लावता येईना. जानेवारीतच एक ट्यूब दोन्ही टोकांना विटकरी, मग काळी झाली होती. जास्तीच्या करंटने ट्यूबच्या टोकातल्या तारेवरचा लेप उडतो आणि तोच काचेला आतून काजळीसारखा चिकटतो. दुसरी ट्यूब लावली, ती एप्रिलात गेली. एरवी माझ्याकडे एक ट्यूब दोन-दोन वर्षं चालायची. मे लागताच चोकमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला. खाली कापडाचा ढीग, त्यामुळे त्याच रात्री तो उतरवला.

आता एका ट्यूबचा साधा इलेक्ट्रॉनिक चोक आहे. मग पट्टी पुसली. पंधरा वर्षांची धूळ आणि उदबत्तीचा धूर निघाला. पट्टीला पांढरा ऑइलपेंट दिला आणि साखळीने दोन फूट खाली घेतली. मशीनवरचा उजेड डबल चोकच्या वेळेपेक्षा मला जास्तच वाटतो. दुकानाचा कोपरा अंधारा राहतो खरा, पण कोपऱ्यात मी शिवत नाही.

एलईडी का नाही, हे विचाराल. भावाच्या बंद दुकानातल्या ट्यूबा पडून होत्या म्हणून. नवीन घेणाऱ्याने सरळ 20 वॉटची एलईडी पट्टी घ्यावी. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवत असाल तर चोक आणि स्टार्टर आधी काढा, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला द्यायचे की दोन टोकांना एकेक, ते खोक्यावरच्या आकृतीत बघा.

शाळेच्या गणवेशांचं काम सुरू झालंय, सगळ्या गडद निळ्या पँटी. दोरा दिसतोय. भाचा मात्र रुसलाय, त्याने तोच चोक आता स्वतःच्या गोठ्यात लावलाय.