शाळेच्या बसचं घर केलंत. आता तिचं ऑईल कुठं बदलायचं?

बस घेतली, बाकडी काढून विकली, आत पलंग-ओटा बसला, आरटीओत जाऊन आरसीवर बदलाची नोंदही झाली. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर सुरू झालं. मग ऑईल बदलायची वेळ येते आणि घरात तीन मतं पडतात. एकजण म्हणतो, अंगणातच करू, त्यात काय अवघड आहे. दुसरा म्हणतो, नेहमीच्या मिस्त्रीकडे टाकू. तिसरा म्हणतो, गाडीवर एवढा खर्च केलाय तर कंपनीच्या वर्कशॉपलाच न्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते तपासून बघता येईल. बस बीएस-४ (बीएस म्हणजे धुराबाबतचे सरकारी निकष) किंवा त्याआधीची असेल तर ऑईल आणि फिल्टर स्वतः विकत आणावा, काम खड्डा असलेल्या गॅरेजात करून घ्यावं आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा, नट सुटताना आपण तिथं उभं असावं. बीएस-६ असेल तर कंपनीचं वर्कशॉप. अंगणातलं काम फक्त त्यानंच करावं ज्याच्याकडे पक्की जागा, हौस आणि जुनं ऑईल द्यायचं ठिकाण, तिन्ही आहे.

आधी वर्षभराचा हिशोब

शाळेत असताना त्या इंजिनानं काय सोसलंय ते बघा. सकाळी गल्लीगल्लीत थांबत जायचं, दुपारी फाटकाबाहेर पोरं येईपर्यंत इंजिन चालूच. असलं इंजिन आतून काजळी धरतं. त्यामुळे बस ताब्यात आली की दारावरचा सर्व्हिसिंगचा स्टिकर काहीही सांगो, पहिलं ऑईल लगेच बदलायचं. त्यानंतरचंही जरा लवकरच बदललेलं बरं, कारण नवं ऑईल जुनी घाण धुऊन स्वतःत घेतं.

आता घर झाल्यावरचं गणित. सोलापूरहून अक्कलकोट जाऊन-येऊन ८० किलोमीटर धरा, तुळजापूर ९०, पंढरपूर १५०. तिन्हीकडे महिन्याला एकेक फेरी झाली तरी महिन्याचे ३२० आणि वर्षाचे ३,८४० किलोमीटर होतात. पुस्तकात ऑईल बदलायचा आकडा समजा १८,००० असेल, तर तिथं पोचायला साडेचार वर्षांहून जास्त लागतील. तोवर ऑईल काही ताजं राहत नाही. पावसाळ्यात उभ्या इंजिनात दमट हवा शिरते आणि गारव्यानं तिचं पाणी होतं. जळलेल्या डिझेलमधून तयार होणारी आम्लं मारायला ऑईलमध्ये जो अल्कलीचा साठा असतो, तोही हळूहळू संपतो. म्हणून असल्या बसचं ऑईल कॅलेंडर बघून बदलायचं, वर्षातून एकदा, मीटर काहीही दाखवो. आपल्याकडे पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आधी बदलणं सगळ्यात सोयीचं. मग कार्तिकी आणि सोलापूरची गड्डा यात्रा दोन्ही नव्या ऑईलवर होतात.

मीटरवर न येणारा खर्च आणखी एक आहे. आषाढीत बस दिंडीबरोबर असेल तर ती पळते कमी आणि उभी जास्त असते. बॅटऱ्या भराव्यात, पंखे-दिवे चालावेत म्हणून लोक तासन्‌तास इंजिन सुरू ठेवतात. ढोबळ हिशोब असा, की उभ्यानं एक तास इंजिन चाललं तर ४० किलोमीटर पळाल्यासारखं धरायचं. त्यात उभ्या इंजिनाला पुरती गरमी येत नाही. न जळलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवर, पातळी वाढलेली दिसते. मालक खूश, आपली गाडी ऑईल खातच नाही म्हणून! प्रत्यक्षात डिझेल मिसळून ऑईल पातळ झालेलं असतं आणि बेअरिंगला त्याचा आधार कमी मिळतो. (सोलापूरच्या उन्हात छतावर एक सोलर पॅनल टाका. इंजिन फिरवून बॅटरी भरण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.)

कोणतं ऑईल? यात फार डोकं घालवू नका

१५डब्ल्यू-४० घ्या. हे आकडे ऑईलच्या घट्टपणाचे, पहिला थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा. ५डब्ल्यूचं सिंथेटिक कडाक्याच्या थंडीत पटकन वाहतं, पण ते गुण सोलापुरात दाखवायचे कुठं? मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की सिंथेटिक जास्त तग धरतं हे खरं, मात्र त्याचे जादा पैसे रोज पळणाऱ्या गाडीत वसूल होतात. वर्षाला चार हजार किलोमीटरला साधं मिनरल पुरतं. वाचलेल्या पैशांत मी एअर फिल्टर घेईन. आपल्याकडच्या धुळीत फाटका एअर फिल्टर इंजिनाचं जेवढं वाटोळं करतो, तेवढं स्वस्त ऑईल करत नाही.

डब्यावरची एपीआयची, म्हणजे ऑईलचा दर्जा सांगणारी, अक्षरं मात्र वाचायची. बीएस-३, बीएस-४ बसला सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस व्यवस्थित चालतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ बसची गोष्ट वेगळी. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि त्याला कमी राखेचं ऑईल लागतं, म्हणजे सीके-४ किंवा कंपनीनं नाव घेऊन सांगितलेलं. डीपीएफमधली काजळी जळून जाते, ऑईलची राख जळत नाही. ती तिथंच साठत जाते, आणि डीपीएफ बदलायचा खर्च ऐकला की माणूस बस विकायचा विचार करतो.

कंपनी कुठली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, योग्य दर्जाचं कुठलंही चालेल, फक्त पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून सीलबंद घ्या. मिस्त्री एकाच नावाचा हट्ट धरत असेल तर त्या डब्यात कधीकधी मिस्त्रीसाठी कूपन असतं. त्यात गैर काही नाही, पण पैसे तुमचे आहेत. किती लिटर हे अंदाजानं ठरवू नका. टाटाच्या ४९७ इंजिनाला चार सिलिंडर, ६९७ ला सहा. एक ३.८ लिटरच्या आसपासचं, दुसरं ५.७ च्या. बाहेरून दोन्ही बस पिवळ्याच दिसतात, पण चेंबर सारखं नसतं. आकडा पुस्तकातून घ्या आणि शेवटचं मोजमाप डिपस्टिकवर करा.

अंगणात

अंगणाच्या बाजूनं एक मोठा मुद्दा आहे: बस उंच असते. सडपातळ माणूस जॅक न लावताही खाली सरपटत जातो आणि चेंबरच्या नटाला हात पोचतो. घाई कुणाचीच नसते. इंजिन जरा फिरवून आणायचं, नट सोडायचा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बसून राहायचं. गॅरेजात हा वेळ कुणी देत नाही. पुसायला चिंध्यांचा तर सोलापुरात तोटाच नाही, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतला वेस्ट घ्या.

विरुद्ध बाजू जड आहे. आपली काळी माती जॅकला आधार देत नाही. वर कोरडी दिसते आणि वजन पडलं की जॅक तिरका होतो. जॅकवर उचललेल्या बसखाली जाणं म्हणजे जिवाशी खेळ, ते कोबा केलेल्या जागेवरही करायचं नाही. फरशी किंवा काँक्रीट, जमीन सपाट, चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, हँडब्रेक ओढलेला, एवढं नसेल तर अंगणाचा विचार सोडा. जुन्या गावठाणातल्या बोळात तर बस शिरतच नाही, तिथं हा प्रश्न आपोआप मिटतो.

भांड्याचाही विचार आधी करा. कारसाठी मिळणारा ट्रे बसच्या ऑईलला अर्ध्यावरच भरून वाहतो. मोठं घमेलं, २० लिटरचा कॅन, नरसाळं, जुना फिल्टर सोडवायला बेल्ट पाना आणि हातमोजे लागतात. मोजे शोभेचे नाहीत. वापरलेल्या डिझेल ऑईलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात, आणि गरम ऑईल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं ते वेगळंच.

मिस्त्रीकडे

पुणे-हैदराबाद रस्त्याकडेच्या ट्रकच्या गॅरेजात खड्डा असतो, मोठे पाने असतात आणि या इंजिनांवर हात बसलेली माणसं असतात. शंभर ट्रकांचे आवाज ऐकलेला मिस्त्री ऑईल गळत असताना सहज म्हणून जातो, "मालक, मागच्या सीलला पाझर आहे, दिवाळीपर्यंत चालेल." हे ऐकायला मिळणं हीच तिथं जाण्याची खरी कमाई.

पण ऑईल बदली हे त्याच्या लेखी पोराचं काम, आणि पोराला घाई असते. म्हणून चार गोष्टी जाण्याआधी बोलून ठेवा. फिल्टर बदलायचाच, आणि आपण आणलेलाच लावायचा. नटाचं वायसर नवं घालायचं. फिल्टरच्या रबराला नवं ऑईल लावून तो हातानंच आवळायचा, पान्यानं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तो सोडवताना पत्रा फाटतो. आणि डिझेल ओतून इंजिन "धुवायचं" नाही. काही ठिकाणी ही हौस फार असते. धुतलेलं सगळं डिझेल बाहेर येत नाही, उरलेलं नव्या ऑईलमध्ये मिसळतं. डिपस्टिकच्या नळीतून पंपानं ऑईल ओढून घेणारेही भेटतील. काम झटपट होतं, पण तळाचा गाळ तळालाच राहतो. वर्षातून एकदाच बदलणाऱ्यानं ती वाट धरू नये.

एवढं बोलून झालं की शेवटचं सांगायचं, "मिस्त्री, नट सोडायच्या आधी मला हाक मारा."

"मारतो की. चहा घेऊन येताय तोवर गाडी गरम करतो."

इथं मात्र एक अट घाला. बस महिनाभर उभी असेल तर नट सोडण्याच्या दिवशी आधी गरम करू देऊ नका. थंड इंजिनात पाणी ऑईलखाली बसलेलं असतं. नट अगदी शेवटच्या आट्यावर आणला की काळ्या धारेच्या आधी दोन-चार स्वच्छ थेंब पडतात का ते बघा. थोडे थेंब म्हणजे हवेतलं पाणी. चमचाभराहून जास्त पडलं तर रेडिएटरच्या पाण्याची पातळी तपासा. हे बघून झालं की नट परत आवळून इंजिन गरम करायचं आणि मग पूर्ण ऑईल काढायचं. ऑईल चहासारखं दुधाळ आलं तर ऑईल बदलून भागत नाही, पाणी कुठून शिरतंय ते आधी शोधावं लागतं.

मग डिपस्टिकवरचा जुन्या ऑईलचा एक थेंब जाड शोषकागदावर टाका आणि तासाभरानं बघा. मध्ये काळा ठिपका, भोवती तपकिरी पसरट कडं, इतपत ठीक. काळा ठिपका पसरायलाच तयार नसेल आणि त्याची कड चाकूनं कापल्यासारखी दिसत असेल, तर ऑईल काजळी पेलायच्या पलीकडे गेलंय, पुढच्या वेळी लवकर या. अगदी बाहेर फिकट, ओलसर कडं उमटलं तर ते डिझेल. इंजिन उभ्यानं किती चालवलं याचा पुरावाच तो. नुसता रंग काळा म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात नवं ऑईल पहिल्या फेरीतच काळं होतं, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये

बीएस-६ असेल तर इथं चर्चा संपते. योग्य ऑईल, योग्य फिल्टर, आणि बऱ्याच गाड्यांत सर्व्हिसिंगची सूचना स्कॅनर लावूनच पुसली जाते. डीपीएफमधली काजळी जाळताना काही इंजिनांत डिझेल जादा फवारलं जातं आणि त्यातलं थोडं ऑईलमध्ये उतरतं. बस उभीच जास्त राहत असेल तर हे बघायला संगणक लागतो, मिस्त्रीचा कान पुरत नाही. बिलांची फाईल राहते, पुढं विकताना तिला किंमत येते.

जुन्या बसला मात्र हा सौदा महाग पडतो. मजुरी जास्त, पॅकेज ठरलेलं, आणि खड्ड्याजवळ उभं राहू देत नाहीत. वर सांगितलेलं थेंबांचं निरीक्षण तिथं विसरा. तुम्ही बसच्या पोटाखाली पाण्याची टाकी टांगली असेल, वायरिंग बदललं असेल, तर गाडी आत घेतानाच दहा प्रश्न होतील. आणि मे-जूनमध्ये जाऊ नका. शाळा उघडायच्या आधी फिटनेससाठी सगळ्या स्कूलबस तिथं रांगेत असतात, तुमच्या घराचा नंबर शेवटी लागतो.

जुन्या ऑईलचं काय

वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. वर्कशॉपमध्ये ही व्यवस्था असते. गॅरेजात ड्रम असतो. तो कोण उचलतो हे विचारा, उत्तर नीट आलं नाही तर दुसरं गॅरेज बघा. अंगणात केलंत तर तो भार तुमचा. सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला मागणारे येतील, पण ते ऑईल शेवटी मातीत आणि पावसाच्या पाण्यातच जातं.

नवं ऑईल भरून झालं की इंजिन सुरू करा, रेस करू नका. प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, टर्बोपर्यंत ऑईल पोचायला तेवढा अवधी लागतो. दोन मिनिटांनी बंद करा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुन्हा बघा, नट आणि फिल्टरखाली बोट फिरवा. तारीख आणि किलोमीटर इंजिनाच्या झाकणावर लिहून ठेवा. नव्या ऑईलची रिकामी बादली गॅरेजात सोडू नका, आणि भंगारवाल्याला देण्याआधी तिच्या तळाला खिळ्यानं भोक पाडा. नाहीतर तीच बादली भलत्याच ऑईलनं भरून पुढच्या दिवाळीला तुमच्यापुढं विकायला येईल.