कलिंगड लावायचं तर बियांचं की बिनबियांचं?

'बिनबियांचं म्हणजे इंजेक्शन दिलेलं,' असं कुणीतरी म्हणतंच. बियाणं निवडायला बसला असाल तर ही भीती आधी काढून टाका. केळंही बिनबियांचंच, रानकेळ्यात टणक बिया ठासून भरलेल्या असतात. नेव्हल संत्रं ब्राझीलमधल्या बाहियात झाडावर आपसूक झालेल्या बदलातून आलं, माणसाने नुसती कलमं बांधली.

कलिंगडात मात्र माणसाचा हात आहे, हे कबूल. साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रं असतात. कोल्चिसीन नावाचं रसायन लावून ती ४४ करायची आणि त्या वेलाचा साध्याशी संकर करायचा. जपानच्या हितोशी किहारांनी १९५१ मध्ये ही पद्धत मांडली. मिळणाऱ्या बीत ३३ गुणसूत्रं येतात, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि फळात बी भरतच नाही. आपण खातो त्या फळाला कोल्चिसीन लागलेलं नसतं, ते काम निदान एक पिढी आधीच उरकलेलं असतं. बाहेरचं जनुकही घातलेलं नसतं. याला नैसर्गिक म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला तरी त्यात भिण्यासारखं काही दिसत नाही.

खायला बिनबियांचं सोयीचं, यात वाद नाही. मधे पांढरी पोकळ टरफलं लागतात, पण ती चावून जातात. गोडीत मला तरी फरक कळला नाही.

माझं घोडं अडलं ते रोपांच्या ट्रेपाशी. एका हंगामात दोन्ही शेजारी शेजारी लावली. साधी बी चटकन उगवून मोकळी झाली. बिनबियांच्या वाणाचं टरफल जाड. कोंब वर आला तरी ते त्याच्या पहिल्या दोन पानांवर टोपीसारखं घट्ट बसून राहायचं. रोज सकाळी पाण्याचं बोट लावून, नखाने हलकेच सोलत बसायचो. निम्म्या वेळा टोपीबरोबर पानच तुटून हातात यायचं. टोकाची बाजू वर करून बी टोचली की हे कमी होतं, हे मला उशिरा कळलं. तेव्हाही बरं झालं, संपलं नाही.

त्यात या वेलाचे पराग कामाचे नसतात. फळ धरायला साधा वेल जवळ लागतोच, तोही त्याच सुमारास फुलणारा. म्हणजे बियांचं कलिंगड टाळायला बियांचंच कलिंगड लावा!

तयार रोपं विकत घेणार असाल तर माझं रडगाणं तुम्हाला लागू नाही. घरात लहान मुलं असतील तर बिनबियांचंच बरं पडेल कदाचित. माझ्या ट्रेमध्ये यंदा काळ्या बिया आहेत, सरळ वाणाच्या, म्हणजे संकरित नसलेल्या. मागच्या फळातून काढून, धुऊन, कागदावर वाळवलेल्या.