२० लिटरची ड्राय बॅग, बरेच महिने वापरून: बॅग एक नंबर, बक्कल भंगार

कस्टमर केअरचं उत्तर आलं, "बक्कल वॉरंटीत येत नाही", आणि मी लगेच हे लिहायला बसलो. अरे मग वॉरंटीत येतं तरी काय? ड्राय बॅग म्हणजे आतलं सामान पाण्यापासून कोरडं ठेवणारी पिशवी, तिला चेन नसते, तोंडाच्या तीन-चार घड्या घालायच्या, दोन्ही टोकं वळवून बक्कल लावायचं, झालं. त्या बक्कलवरच तर सगळं उभं आहे.

बॅग घेतली दिवाळीच्या आधी, साडेसातशेला. भुसावळचं आमचं मित्रमंडळ दरवर्षी समुद्रावर जातंच, आपल्याकडं तापीचा पूर सगळ्यांना माहीत, पण भरती-ओहोटी बघायला घर सोडावं लागतं. आधी तारकर्ली-मालवण केलं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बॅग चिंब झाली, आत सगळं कोरडं, तेव्हाच मी तिच्या प्रेमात पडलो. मग अंदमान, कोलकात्यापर्यंत रेल्वे आणि पुढं विमान.

हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप, नाव २०१८ ला बदललं) एलिफंट बीचवर बोटीतून उतरताना पाण्यातूनच चालत जावं लागतं, तिथं सगळ्यांचे मोबाईल, पाकिटं, आधार कार्डं माझ्या खांद्यावर. "भो, तुझ्या बॅगेत टाक" हे वाक्य दिवसभर ऐकलं आणि मला त्याचा अभिमान वाटला.

बक्कल तुटलं नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपला. लक्ष्मणपूरकडचा तो नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर ओहोटीतच जावं लागतं, मेलेल्या प्रवाळाच्या खडकावरून, शेवाळावर पाय सरकतो, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. परत निघालो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं, मी पट्टा ओढला आणि बक्कलचा एक दात कट्टकन गेला. आत वाळू अडकलेली आणि मीठ वाळून खडे झालेले, समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते वाळलं की प्लॅस्टिकच्या फटीत घट्ट बसतं. म्हणजे समुद्रासाठी म्हणून विकायची वस्तू आणि बक्कल समुद्र सोसेना! मित्राच्या बुटाची नाडी बांधून वेळ निभावली, घड्या होत्या म्हणून मोबाईल वाचले.

मग फोटो पाठवा, बिल पाठवा, बॅग स्वखर्चाने कुरिअर करा, "तपासणीनंतर कळवू". महिनाभर हेच. शेवटी ते वरचं उत्तर. येण्याजाण्याच्या कुरिअरच्या पैशात अर्धी नवी बॅग येते, मी का भरू?

अपडेट: हे लिहून ठेवलं आणि जळगावला फुले मार्केटकडं काम होतं म्हणून बॅग नेली. बॅग दुरुस्तीवाल्याने साठ रुपयांत जाडजूड नवीन बक्कल शिवून दिलं. मला भीती की सुईच्या भोकातून पाणी जाईल, पण शिलाई अगदी वरच्या कडक पट्टीला आहे, घड्या तिच्या खालून बसतात. घरी टॉवेल भरून पाण्याच्या ड्रममध्ये दाबून धरली, टॉवेल कोरडा. त्यामुळं आधी दोन स्टार देणार होतो ते चार करतोय, एक कंपनीच्या वागण्याचा कापला.

कापडाबद्दल तक्रार शून्य. आपला मे महिना, ४५ डिग्री, पत्र्याखालच्या माळ्यावर पडून होती तरी चिकट झाली नाही, सांध्याचं वेल्डिंग सुटलं नाही. २० लिटर सहा जणांच्या सटरफटरला पुरतं, कपडे धरू नका. बॅग घेऊन पाण्याखाली डुबकीही मारू नका, ती शिंतोडे आणि थोडा वेळ पाण्यात पडण्यापुरतीच.

घेणार असाल तर दुकानात बक्कल दहा-वीस वेळा लावून-काढून बघा, दात पातळ दिसले तर ठेवून द्या. आणि बीचवरून आल्यावर आधी बक्कल गोड्या पाण्याने धुवा, मग स्वतः आंघोळीला जा.