जपानी राईस कुकर (३ गो, मायकॉम): कोल्हापूरच्या पोरांनी घ्यावा का?

सध्या आपल्याकडनं जपानला जाणारी पोरं दिसायला लागलीत, कुणी लँग्वेज स्कूलला, कुणी मास्टर्सला, आणि राजारामपुरीत भेटेल ती काकू मला एकच विचारते, तिकडं पोरगं खाणार काय? म्हणून हा रिव्ह्यू लिहायला घेतलाय. ओसाकात शिकत होतो तेव्हा खोलीत एक सेकंडहँड राईस कुकर होता, त्याच्यावरच माझं शिक्षण झालं म्हटलं तरी चालेल. निकाल आधीच सांगतो, ५ पैकी ४. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या किमतीत सगळे उन्नीस-बीस असतात.

आधी साईज. तिकडं कुकर लिटरवर कमी आणि 'गो'वर जास्त विकतात. कुकरबरोबर जो कप येतोय तो १८० एमएलचा, तो एक गो. दुकानात दोन साईज सारख्या दिसतात, ३ गो आणि साडेपाच गो. एकट्याला, किंवा रूम पार्टनर धरून दोघांना, ३ गो रग्गड झाला. मोठा घेऊ नका, जपानी खोलीत पाय ठेवायला जागा नसते तिथं कुकर कुठं ठेवणार. नवा साधा मायकॉम, म्हणजे आत छोटा कॉम्प्युटर असलेला कुकर, पाच ते दहा हजार येनच्या आसपास बसतो, सेकंडहँड त्याच्या निम्म्यातसुद्धा मिळून जातो.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर तिचा पहिला प्रश्न, शिट्टी कुठाय ह्याला? शिट्टी नाहीच. जुन्या एका बटणाच्या कुकरची गंमत अशी की पाणी आहे तोवर भांड्याचं बूड शंभर डिग्रीच्या वर जात नाही, तांदळानं पाणी पिऊन टाकलं की बूड तापायला लागतं आणि त्या तापण्यावरच बटण खटकन उडतं. मायकॉममध्ये हेच काम सेन्सर आणि छोटा कॉम्प्युटर करतो, तो आधी तांदूळ भिजू देतो, मग शिजवतो, मग वाफेवर मुरू देतो, म्हणून पाऊण तास ते तास लागतो, भुकेच्या वेळेला लावाल तर रडाल. पहिला ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक राईस कुकर तोशिबानं १९५५ साली बाजारात आणला, म्हणजे या कामात त्यांचा हात किती जुना आहे बघा, आणि ते भात उघडल्यावर कळतं. एक शीत करपलेलं नसतं.

सगळ्यात कामाचं फीचर म्हणजे टायमर, बटणाचं नाव योयाकु. इथं लक्षात ठेवा, तो कुकर कधी सुरू करायचा ते विचारत नाही, भात कधी तयार पाहिजे ते विचारतो. सकाळी तांदूळ धुऊन पाणी घालून रात्री सातचा टायम लावला की कॉलेज करून, बाइतो म्हणजे पार्ट-टाइम काम करून (स्टुडंट व्हिसावाल्यांना परमिशन काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं) रात्री थकून आलं की गरम भात वाट बघत असतो, आणि त्या वेळेला कोन्बिनीत (छोटं जनरल स्टोअर) पाचशे-सहाशे येनचा बेंतो, म्हणजे तयार जेवणाचा डबा, घ्यायचा मोह होत नाही. कोन्बिनी वाईट नाही हं, ओनिगिरी (सारण भरलेला भाताचा गोळा) झकास असते, पण रोज परवडत नाही आणि मटण-चिकन न खाणाऱ्याला तर प्रत्येक पाकीट उलटं करून वाचत बसावं लागतं. शेजारच्या पोराकडं झोजिरुशी कंपनीचा कुकर होता, त्याचा भात झाला की गाण्याची धून वाजायची, भिंती पातळ असल्यामुळं आम्हाला पण कळायचं याचं जेवण तयार.

आता एक मार्क कुठं गेला. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट, आणि भांड्याच्या आतल्या रेघा सगळ्या त्याच तांदळासाठी मारलेल्या. तो भात नुसता खायला, दह्यात कालवायला गोड लागतो, खोटं कशाला बोला, पण तांबडा रस्सा ओतला की गोळा वर आणि रस्सा खाली, काही केल्या मिळून येत नाही. आजऱ्याच्या घनसाळवर वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. त्यात २०२५ ला तिकडं तांदूळ इतका महागला की ५ किलोच्या पिशवीला ४००० येनच्या वर मोजायची पाळी आली, सरकारला साठ्यातला तांदूळ बाहेर काढावा लागला. आम्ही मग इंडियन दुकानातनं बासमती नाहीतर सोना मसुरी आणायचो. बासमतीला रेघ विसरा, एक कप तांदळाला दीड कप पाणी घाला आणि क्विक मोड लावा, नॉर्मल मोडवर जास्त भिजून त्याचा लगदा होतो.

खिचडी करायची असंल तर अर्ध्याच्या वर भांडं भरू नका. डाळीचा फेस वाफेच्या भोकातनं बाहेर येऊन टेबलभर पसरतो, मग रात्री अकराला फडकं घेऊन बसा. पेजेचा ओकायू मोड असतो, खिचडी त्याच्यावर छान होते, ताप आल्यावर तर देवच. फोडणी मात्र त्या भांड्यात अजिबात नाही, आत नॉनस्टिक कोटिंग असतं, स्टीलचा डाव लागला की पोपडे निघायला सुरुवात. फोडणी बाहेर कढल्यात करून वरनं ओता, आणि एक्झॉस्ट लावूनच करा, नाहीतर लाल मिरचीच्या ठसक्यानं सगळा मजला खोकत बाहेर येतो. कांदा-लसूण मसाल्याची खिचडी एकदा केली की झाकणाच्या रबराला वास धरतो आणि दुसऱ्या दिवशीचा साधा भात पण तसाच लागतो. आम्हाला चालायचं, जपानी मित्र जेवायला आला की अवघड व्हायचं. आतलं झाकण निघतं, ते रोज धुवा.

आता घरच्यांसाठी. इथनं मिक्सर, इस्त्री, कुकर काही देऊ नका. तिकडं लाईट १०० व्होल्टची, आपली २३०, ट्रॅव्हल अडॅप्टर नुसती पिन बदलतो, व्होल्टेज नाही. आपलं २३० चं हीटर तिकडं पाचव्या हिश्श्याच्या पॉवरवर चालतं, म्हणजे पाणी कोमट होईस्तोवर लेक्चर संपतं. उलटं पण तेच, तिकडचा कुकर प्रेमानं कोल्हापूरला आणून पिनला लावला की संपला विषय. आणायचाच असंल तर बाहेरच्या देशांसाठी २२० व्होल्टचे वेगळे मॉडेल मिळतात ते बघा. प्रेशर कुकर पाठवणार असाल तर इंडक्शन बुडाचा स्टीलचा, कारण बऱ्याच खोल्यांत आयएच म्हणजे इंडक्शन शेगडी असते आणि साधं ॲल्युमिनियम तिच्यावर तापतच नाही.

मसाला, चटण्या खुशाल द्या, नीट सील करून. पण मटणाचं लोणचं बॅगेत घालू नका, जपानात मांसाचे पदार्थ सर्टिफिकेटशिवाय न्यायला बंदी आहे आणि एअरपोर्टवर कुत्री वास घेत फिरत असतात. तांदळाला पण फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं सरकारी) सर्टिफिकेट लागतं, त्यामुळं घनसाळची पिशवी घरीच राहू दे. पांढऱ्या रश्श्यासाठी म्हणून खसखस देणाऱ्या आयांनी तर विशेष ऐका, सिंगापूर किंवा दुबईवरनं फ्लाईट असंल तर त्या दोन्ही ठिकाणी खसखशीला बंदी आहे. काजू आणि नारळाच्या दुधावर पांढरा रस्सा निभावतो, नाद करायचा नाही.

आणि एक, खोलीचा मेन ब्रेकर बऱ्याचदा २० किंवा ३० अँपिअरचा असतो. कुकर, मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर एकदम लावले की अंधार.

ज्यांच्या होस्टेलला मेस आहे किंवा खोलीत शेगडी-कुकर चालवायला बंदी आहे त्यांनी आधी नियम वाचा, उगंच पैसे घालू नका. बाकीच्यांनी सेकंडहँडच बघा. तिकडचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं त्यामुळं मार्चमध्ये पास होऊन जाणारी पोरं सामान कवडीमोल काढतात, कारण मोठं सामान टाकायला सुद्धा तिकडं बुकिंग करून पैसे भरावे लागतात. घेताना भांडं उजेडात धरून कोटिंग बघा, झाकणाचं रबर दाबून बघा, आणि कप आहे का विचारा, तो बहुतेक हरवलेलाच असतो.