बोगद्याच्या तोंडावर माती तपासायचा हातसंच: काही महिन्यांच्या वापरानंतर

संचात तीन उपकरणं येतात: पॉकेट पेनेट्रोमीटर (टोक मातीत दाबून तिची ताकद मोजणारा), टॉरव्हेन (मातीत पातं फिरवून ती मोजणारा) आणि कॅल्शियम कार्बाइडवर चालणारा ओलावामापक. चिकणमातीत टप्प्याटप्प्याने खोदल्या जाणाऱ्या बोगद्यात दर फेरीला, म्हणजे खोदाईच्या प्रत्येक टप्प्याला, तोंडावर (खोदाईच्या पुढच्या उघड्या भिंतीवर) हा संच वापरून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो. पेनेट्रोमीटर रोज लागतो. मऊ मातीत टॉरव्हेन त्याहून भरवशाचा. ओलावामापक बोगद्यात नेऊच नये.

पेनेट्रोमीटरचं टोक 6.35 मिमी व्यासाचं असतं आणि खोबणीपर्यंत, म्हणजे तेवढंच खोल, सावकाश दाबायचं असतं. मापपट्टी 0 ते 4.5 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. मिळणारा आकडा मातीच्या एकाक्षीय दाबसामर्थ्याचा (एकाच दिशेने दाबल्यावर तुटेपर्यंतच्या ताकदीचा) अंदाज असतो आणि कर्तनसामर्थ्य, म्हणजे घसरून तुटण्याला होणारा विरोध, त्याच्या निम्मं. नोंदवहीत सगळ्यात जास्त घोळ या निमपटीचाच होतो, कारण टॉरव्हेन थेट कर्तनसामर्थ्य दाखवतो. दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिले की माती कागदावर दुप्पट भक्कम दिसते.

या घोळाचा परिणाम किती मोठा, ते हिशेब मांडला की कळतं. बोगद्याचा अक्ष (मधली रेषा) 15 मीटर खोल, मातीचं एकक वजन 19 किलोन्यूटन प्रति घनमीटर आणि वरचा भार 10 किलोपास्कल धरला तर अक्षाच्या पातळीवर 295 किलोपास्कल दाब येतो. पेनेट्रोमीटरने 1.5 दाखवलं तर कर्तनसामर्थ्य सुमारे 74 किलोपास्कल, आणि आधार नसलेल्या तोंडाचा स्थिरतांक (दाब आणि कर्तनसामर्थ्याचं गुणोत्तर) 295 भागिले 74, म्हणजे 4. वाचन 0.9 आलं तर तोच अंक 6.7. ब्रॉम्स आणि बेनेरमार्क यांनी 1967 मध्ये साधारण 6 ही मर्यादा मांडली. तिच्यापुढे तोंड आत सरकायला लागतं. निमपट विसरलात तर 6.7 चा अंक 3.3 होऊन बसतो आणि फेरीची लांबी कमी करायची वेळ निघून जाते.

वाचन कुठे आणि कधी घेतलं, यावर उपकरणापेक्षा जास्त अवलंबून असतं. खोदयंत्राच्या दातांनी घासलेला थर मळलेला असतो, म्हणून वरची 5 ते 10 सेंटिमीटर माती खरवडून सपाट पृष्ठभाग करायचा. खोदल्यानंतर ताण सुटतो, भेगा उघडतात, पाणी शोषून माती नरम होते किंवा वाऱ्याने वरून कडक होते. त्यामुळे शिफ्टच्या शेवटी घेतलेला आकडा सुरुवातीच्या आकड्याशी ताडू नये. एका जागी पाच-सहा वाचनं घ्या, खड्यावर टोक आदळलेलं वाचन टाकून द्या. नोंदीत साखळी-अंतर (बोगद्याच्या लांबीवरचं ठिकाण), तोंडावरची घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जागा आणि खोदून किती वेळ झाला हे तिन्ही हवं. आधार नसलेल्या छताखाली वाचनासाठी कुणी जायचं नाही. तिथे बकेटमधून आलेलं मोठं, न मळलेलं ढेकूळ फोडून त्याच्या गाभ्यात वाचन घ्यावं.

भेगाळ चिकणमातीत मात्र पेनेट्रोमीटरवर विसंबू नका. इवलंसं टोक दोन भेगांमधल्या घट्ट तुकड्यात घुसतं आणि वाचन चांगलं येतं, पण तोंड कोसळतं ते भेगांवरून. तिथे भेगांमधलं अंतर, त्यांचा उतार आणि पृष्ठभागाची चकाकी लिहून ठेवणं जास्त मोलाचं. वाळू-खडीत तर दोन्ही उपकरणं निरुपयोगी आहेत.

टॉरव्हेनसोबत तीन पाती येतात. 25 मिमीच्या नेहमीच्या पात्याचं वाचन जसंच्या तसं घ्यायचं, मोठ्या पात्याचं 0.2 ने आणि लहानाचं 2.5 ने गुणायचं. दाब एकसारखा ठेवून इतक्या वेगाने फिरवा की माती 5 ते 10 सेकंदांत तुटेल. पात्याखाली वाळूची बारीक शीर आली की आकड्याला अर्थ उरत नाही. चाचणीनंतर उखडलेली चकती उलटी करून पाहायची सवय लावा. पेनेट्रोमीटरच्या नळीत गाळ शिरून स्प्रिंग अडकते. ती धुऊन, वाळवून, नवीन असतानाच्या नोंदीशी वजनकाट्यावर ताडत राहावी.

ओलावामापकात कार्बाइड आणि मातीतलं पाणी मिळून ॲसिटिलीन तयार होतो आणि हवेत तो सुमारे 2.5 टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. नमुना हवाबंद पिशवीत बाहेर आणून उघड्यावर तपासा. शिवाय तो ओल्या वजनावरचा ओलावा दाखवतो: 20 टक्के दाखवलं तर कोरड्या वजनावर 25 धरा.

एवढं करूनही हा संच वीतभर मातीपुरतंच बोलतो. पुढच्या 20-30 मीटरसाठी तोंडातून पुढे शोध-छिद्रच मारावं लागतं, आणि आधीच्या छिद्राचे निदान 5 मीटर शिल्लक असताना नवं सुरू करावं. ड्रिलचा वेग, रेटा, पिळबल (फिरवायला लागणारा जोर) आणि परतणाऱ्या पाण्याचा रंग सलग नोंदवा. वेग एकदम वाढून पाणी परतणं थांबलं तर पुढे मोकळी किंवा पोकळ जागा आहे असं समजून थांबा. आडव्या छिद्रात एसपीटीचा (हातोड्याच्या ठोक्यांनी जमीन तपासणाऱ्या प्रमाणित चाचणीचा) आग्रह धरू नये, कारण 63.5 किलोचा हातोडा 760 मिमीवरून पडणं हे उभ्या छिद्रासाठी ठरलेलं आहे. तिथे प्रेशरमीटर (छिद्राच्या भिंतीवर दाब देऊन मोजणारं उपकरण) चालतो, फक्त तो छिद्राला काटकोनातला कडकपणा मोजतो हे लक्षात ठेवा. आणि भूजलपातळीखालच्या जमिनीत छिद्राच्या तोंडाशी ग्राउटने (सिमेंटच्या पातळ गाऱ्याने) पक्की बसवलेली नळी आणि झडप आधी लावा, झडप दाबाखाली तपासा, मगच ड्रिल पुढे सरकवा. वाळू पाण्यासोबत वाहायला लागल्यावर झडप बसवणं जमत नाही.